नावे आणि जमा

मी बी. कॉम. आहे. कोणी विचारले नसताना हे सांगतो, कारण विचारल्यावर सांगितले की लोक पुढे ‘वर्ग कोणता?’ असेही विचारतात. त्या तीन वर्षांत मला जे शिकवले त्यातले बहुतेक परीक्षा संपल्या संपल्या हॉलच्या दारातच सांडले. एक गोष्ट तेवढी डोक्यात राहिली आणि तिच्यावर गेली वीस-बावीस वर्षे बँकेत माझे पोट चालले आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा. एक लिहिली आणि दुसरी विसरली की हिशेब जुळत नाही, आणि हिशेब जुळल्याशिवाय घरी जायचे नाही, असा आमच्या जुन्या हेडक्लार्कांचा दंडक होता.

आता बँकेतला संगणक एकतर्फी नोंद घेतच नाही. लाल अक्षरांत चूक दाखवतो आणि मख्खासारखा बसून राहतो. माणसांत ही सोय अजून व्हायची आहे. विशेषतः मराठी माणसात. आपल्याला ‘नावे’ ही बाजू जन्मतःच येते. चहात साखर कमी म्हणून चहाला नावे, पेपर उशिरा आला म्हणून पेपरवाल्याला नावे, वेळेवर आला तर आतल्या बातम्यांना नावे. नावे ठेवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही. ‘जमा’ म्हटले की मात्र पेनातली शाई संपते.

सध्या आमच्या सोसायटीत सर्वाधिक नावे ज्याला ठेवली जातात तो प्रकार म्हणजे रॅप. मी त्याची बाजू घ्यायचे ठरवले आहे. का ठरवले ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितले तर तुम्ही रॅपला सोडून मला नावे ठेवाल, आणि ते बरोबरच असेल.

रॅपविरोधी पक्षाचे आमच्या इमारतीतले पुढारी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा. अण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण शेरे मारण्याच्या कामातून अजून निवृत्त झालेले नाहीत. परवा गच्चीवर पोरांनी मोबाइलला भलामोठा स्पीकर जोडून रॅप लावला होता. मी कपडे वाळत घालत होतो. म्हणजे आमच्या हिने मला ते घालायला लावले होते. तेवढ्यात अण्णा वर आले.

“ह्याला गाणं म्हणायचं?” अण्णांनी मला विचारले. जणू मीच ते रचले होते. “ना सूर, ना सम. नुसतं बोलणं! तेसुद्धा श्वास न घेता!”

“अण्णा, श्वास न घेता बोलणं काय सोपं आहे? सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुम्हाला मध्ये दोनदा पाणी लागतं.”

“आणि कपडे बघ त्यांचे. एकात दोन माणसं मावतील!”

मी अण्णांकडे पाहिले. अण्णांच्या अंगात नातवाने पाठवलेला, मागे टोपी शिवलेला ढगळ स्वेटर होता. त्याला हुडी म्हणतात. पायात पळायचे बूट होते. अण्णा शेवटचा मैदानी खेळ कधी खेळले ते त्यांनाही आठवत नाही. डोक्यावर चोचीची टोपी, आणि चोच किंचित तिरकी. आता हुडी मूळची खेळाडूंची आणि थंड गोदामांत राबणाऱ्या मजुरांची, बूट मूळचे मैदानातले. ते मैदानातून उचलून रस्त्यावर आणि रस्त्यावरून थेट लग्नाच्या वरातीपर्यंत आणण्यात ज्यांचा मोठा हात आहे, ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले हे हिप-हॉपवाले. अण्णा ज्याला नावे ठेवत होते ते त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत अंगावर चढवले होते. ही उचल अण्णांच्या नावे पडली. जमा कोणाच्या खात्यावर?

बँकेत आम्ही खाते कधी उघडले ते आधी बघतो. हिप-हॉपचे खाते उघडल्याची तारीख सांगतात ११ ऑगस्ट १९७३. पत्ता, १५२० सेजविक अव्हेन्यू, ब्राँक्स. केवायसीला लागतो तसा घर नंबरासकट जन्माचा पत्ता असलेली दुसरी कला मला माहीत नाही. त्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाची मुलगी राहत होती. शाळा सुरू व्हायची होती आणि तिला नवे कपडे घ्यायचे होते. म्हणून तिने खालच्या सभागृहात पार्टी ठेवली. आमंत्रणे हाताने लिहिलेली, तिकीट मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला घरचाच माणूस, अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह. मूळचा जमैकातल्या किंगस्टनचा. पुढे जग त्याला कूल हर्क म्हणू लागले. एवढी जगभर पसरलेली कला शाळेच्या कपड्यांच्या खर्चातून निघाली, हे मला फार आवडते. जूनमध्ये वह्या-गणवेशाची यादी हातात पडली की आपल्याही तोंडून काहीतरी लयबद्ध निघते, पण आपण त्याची कला केली नाही.

हर्कच्या ध्यानात आले होते की गायक गप्प बसतो आणि नुसता ठेका वाजतो, तेवढ्याच तुकड्याला पोरे जीव तोडून नाचतात. तो तुकडा असायचा काही सेकंदांचा. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि दोन प्लेअरवर चढवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवायची. आमच्या मुदत ठेवीसारखेच हे. मुदत संपली की तीच रक्कम पुन्हा ठेवायची. फक्त इथे व्याज नाचणाऱ्यांना मिळे.

या पोरांच्या हाती वाद्ये का नव्हती, तर तेव्हा ब्राँक्सची पार दैना झालेली होती. वस्त्या फोडून महामार्ग काढलेला. ज्यांना जमले ते निघून गेलेले. कित्येक घरमालक विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच इमारती पेटवून देत होते. आणि त्याच्याही आधीची गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत शहरांचे नकाशे केले गेले. जिथे काळे लोक राहत, गरीब स्थलांतरित राहत, ते भाग त्यांत लाल रंगवले. लाल म्हणजे इथे कर्ज देणे धोक्याचे. मग कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घराला किंमत नाही, किंमत नाही म्हणून कर्ज नाही. साउथ ब्राँक्सच्या वाट्याला हेच आले. एखाद्या राक्षसाने हे केले असेल असे मला वाटत नाही. माझ्यासारखाच कोणी कारकून टेबलाशी बसून लाल पेन्सिल फिरवत असणार आणि पाच वाजता डबा घेऊन घरी जात असणार. ही लाल पेन्सिल ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा लागेल.

खाते उघडले, आता पहिली मोठी उचल पाहा. १९७९ साली शुगरहिल गँग नावाच्या तिघांची ‘रॅपर्स डिलाइट’ ही रेकॉर्ड निघाली आणि रॅप ब्राँक्सबाहेर जगाला कळला. त्या तिघांतल्या एकाचे नाव होते बिग बँक हँक. नाव वाचून माझा ऊर भरून आला होता, पण पुढची हकीगत वाचून मी खाली बसलो. हँकसाहेब पिझ्झाच्या दुकानात कामाला होते आणि तिथेच त्यांची निवड झाली. स्वतःच्या ओळी नव्हत्या, म्हणून त्यांनी ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझची वही मागून आणली आणि तीतल्या ओळी म्हटल्या. इतक्या इमानाने म्हटल्या की एके ठिकाणी कॅझने स्वतःच्या नावाची अक्षरे गुंफली होती, तीही तशीच म्हणून टाकली! आमच्या वर्गात शेजाऱ्याची उत्तरपत्रिका उतरवताना त्याचा बैठक क्रमांकही उतरवणारा एक मित्र होता, त्याची आठवण झाली. रेकॉर्ड धो धो खपली. कॅझला श्रेयही मिळाले नाही आणि पैसेही नाहीत.

त्याच रेकॉर्डला साथ होती ती शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची. त्या बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याचा बडगा दाखवला आणि आपली नावे रचनाकार म्हणून लावून घेतली. ज्याच्याजवळ वकील, त्याच्या खात्यावर जमा. ज्याच्याजवळ नुसती वही, त्याचे सस्पेन्समध्ये. आमच्याकडे सस्पेन्स नावाचे एक खाते असते. पैसे आलेले असतात, पण कोणाचे ते ठरत नाही, अशी रक्कम तात्पुरती तिथे टाकतात. ‘तात्पुरती’ हा शब्द सरकारी अर्थाने घ्यावा.

इथे अण्णा म्हणतील, “चोराच्या घरी चोरी! हे लोक तरी दुसऱ्यांचंच उचलतात की.” अण्णा, मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो नावे बाजूला लिहून घेतो. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७० च्या रेकॉर्डवर क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवलेला एक ठेका शेकडो रॅप गाण्यांत कापून वापरला गेला. पण कागदावर हक्क त्यांच्या नावे नव्हता, म्हणून त्या वापराची रॉयल्टी त्यांना मिळाली नाही. २०१७ मध्ये ते वारले. हे देणे रॅपच्या नावे आहे आणि ते खोडायचा मला अधिकार नाही. बायकांविषयी रॅपमध्ये जे काही म्हटले गेले आहे, त्यातले बरेचसे मी आमच्या हिच्यासमोर उच्चारू शकणार नाही. तेही नावे. पण १९९३ साली क्वीन लतीफा या त्यांच्याच बाईने ‘युनिटी’ हे गाणे करून आपल्या मंडळींना याबद्दल जाहीरपणे झापले, आणि त्याला ग्रॅमी मिळाले. आपली चूक आपल्याच माणसाने भर चौकात दाखवायची, याला आम्ही अंतर्गत ऑडिट म्हणतो. आमच्याकडे ते झाले की अहवाल कपाटात जातो. त्यांनी त्याचे गाणे केले.

“आणि गळ्यातल्या त्या सोन्याच्या साखळ्या?” त्याचे उत्तर मी देत नाही. अण्णांनी कोपऱ्यावर जाऊन वाढदिवसाचा कोणताही फ्लेक्स वाचावा. त्यातले एकही ‘भावी नगरसेवक’ रॅप करत नाहीत.

आता मोठ्या दुकानदारांकडे वळतो, कारण अण्णा बिचारे लहान कर्जदार. १९८६ साली रन-डीएमसी या तिघांनी आपल्या आदिदासच्या बुटांवर गाणे केले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी श्रोत्यांना बूट वर धरायला सांगितले आणि हजारो बूट वर आले. आपल्याकडे सभेत बूट वर आले की वक्ता खाली बसतो. तिथे कंपनीचा माणूस सभागृहात होता. तो ते दृश्य पाहून थक्क झाला आणि लाखो डॉलरांचा करार झाला. खेळाडू नसलेल्या माणसामुळेही बूट खपतात हे बूटवाल्यांना तेव्हा कळले. इथपर्यंत नोंद चोख. माल गेला, पैसे आले.

पण हार्लेमच्या डॅपर डॅनची खतावणी बघा. हा शिंपी. १९८२ साली त्याने १२५ व्या रस्त्यावर दुकान काढले. बड्या युरोपीय कंपन्यांची चिन्हे चामड्यावर छापून तो त्यांचे असे झोकदार कपडे शिवी की रॅपर आणि मुष्टियोद्धे त्याच्याकडे रांग लावत. असले कपडे त्या कंपन्यांनी स्वतः कधी शिवलेच नव्हते. कंपन्यांनी कायदा काढला, छापे पडले, १९९२ मध्ये दुकान बंद झाले. ठीक आहे, चिन्ह त्यांचे होते. मग पंचवीस वर्षांनी, २०१७ साली, गुची कंपनीने आपल्या प्रदर्शनात फुगीर बाह्यांचे एक जाकीट आणले. ते निघाले डॅनने १९८९ मध्ये डायन डिक्सन या धावपटूसाठी शिवलेल्या जाकिटाची थेट आठवण करून देणारे. लोकांनी ओरड केल्यावर कंपनी म्हणाली, आम्ही त्यांना मानवंदना दिली. म्हणजे शिंप्याने कंपनीचे चिन्ह घेतले तर चोरी, आणि कंपनीने शिंप्याचे जाकीट घेतले तर मानवंदना! मात्र ओरडीचा उपयोग झाला. २०१८ मध्ये त्याच कंपनीने त्याच डॅनला बरोबर घेऊन त्याच हार्लेममध्ये कपडे शिवायचे दुकान काढले. सस्पेन्समधली रक्कम खातेदाराला मिळाल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मी माझ्या नोकरीत पाहिलेले नाही. त्याच वर्षी केंड्रिक लमारच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तोवर ते शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कोणाला मिळाले नव्हते. ‘नुसते बोलणे’ हा अण्णांचा शेरा पुलित्झरवाल्यांपर्यंत वेळेत पोचला नसावा.

हे सगळे मी अण्णांना जिन्यात ऐकवले, तर त्यांनी हुकमाचा एक्का टाकला. “ह्यात नवीन काय आहे? आपल्याकडे हे आधीपासून आहे! पोवाडा काय होता? भारूड काय होतं? अशोककुमारनं १९६८ साली ‘आशीर्वाद’मध्ये आगगाडीचं गाणं म्हटलं, तो रॅपच की!”

बघा कशी गंमत आहे. सकाळी जे गाणेच नव्हते ते दुपारी आपणच शोधून काढलेले निघाले! बरे, पोवाडा तुमचा आजोबा आणि रॅप तुमचा नातू, हे नाते मला मान्य आहे. पण मग नातवाची जबाबदारीही घ्या. पोवाड्यात शाहीर सत्य सांगतो म्हणून आपण फेटे उडवतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगसे नावाच्या मराठी तरुणाने राज्यातल्या राजकारणावर मराठीत रॅप केला, तर त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी ‘हा आमच्या शाहिरांच्या कुळातला’ असे सांगायला मी पोलीस ठाण्यात गेलो नव्हतो. अण्णाही गेले नव्हते. वारसा सांगताना आपण पुढे असतो, जामीन राहायची वेळ आली की आपल्याला बसची वेळ होते.

उसनवारीत आपण मागे आहोत असेही नाही. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या एका गाण्यातली बेस गिटारची धून १९९० मध्ये व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरने उचलली. त्याच्यावरून १९९२ मध्ये आपल्या बाबा सहगलने ‘ठंडा ठंडा पानी’ केले. मी तेव्हा सहावीत होतो आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी त्याचे मराठीत ‘थंड थंड ताक’ केले. चेक इतक्या हातांतून फिरला की मागे सह्या करायला जागा उरली नाही.

मुंबईत मात्र नुसती उसनवारी राहिली नाही. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, एका आयपॅडच्या जोरावर स्वतःचे गाणे करून लोकांपुढे आणले. पुढच्याच वर्षी त्याचे आणि अंधेरीच्या विवियन फर्नांडिसचे, म्हणजे डिव्हाइनचे, ‘मेरे गली में’ आले. त्यांत ब्राँक्स नव्हते. कुर्ला होता, अंधेरी होती, नळ होता, पोलीस होता. या दोघांवरून सुचलेला झोया अख्तरचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये आला आणि त्याला तेरा फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. तेव्हापासून जाहिरातवाल्यांना गल्लीचा पत्ता सापडला. साबणापासून विम्यापर्यंत सगळे यमकात बोलू लागले. आणि असे होता होता ही साथ आमच्या शाखेत येऊन पोचली.

आता ते शेवटी सांगेन म्हटलेले सांगतो.

दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आले की तरुण ग्राहकांना आकर्षित करावे. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी ग्राहक मेळावा ठरवला आणि त्यात मुदत ठेवीवर रॅप ठेवायचे ठरले. “तुम्ही विनोदी लिहिता ना? लिहा!” साहेब मला म्हणाले. मी रात्रभर जागून लिहिले : ‘मुदत ठेव, मुदत ठेव, पैसे आमच्याकडे ठेव!’ साहेब म्हणाले, “हा रॅप आहे की दरोडा?”

तेव्हा आमचे शिपाई, त्यांना सगळी शाखा मामा म्हणते, हळूच म्हणाले, “साहेब, आमचं पोरगं करतं असलं काहीतरी.” पोरगा आला. विशीतला, अण्णांच्याच फॅशनचा स्वेटर घातलेला. जेवणाच्या सुट्टीत पासबुकाच्या मशीनशेजारी बसून त्याने लिहून टाकले. मशीन बंद होते, त्यामुळे शांतता होती. त्यात त्याने व्याजदर घातलाच नाही. त्याची आई डाळीच्या डब्यात नवऱ्याला न सांगता नोटा साठवत असे. २०१६ च्या नोव्हेंबरात एका रात्रीत पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ती माउली तो डबा पदराखाली घेऊन आमच्याच शाखेबाहेर रांगेत उभी होती. गाणे होते ते त्या डब्याचे. मेळाव्यात ते झाले तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मामा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले होते. ही गोष्ट त्यांनाही सगळी माहीत नव्हती. त्या आठवड्यात आमच्याकडे बऱ्याच ठेवी आल्या. त्यांतली एक अण्णांची. मी परवा त्यांना आठवण दिली, तर म्हणाले, “तो रॅप कुठे होता? त्यात तर शब्द कळत होते!”

मुलाला आम्ही काय दिले? एक नारळ आणि शाखेचे कॅलेंडर. ऑगस्ट महिना होता. गाण्याची चित्रफीत वरच्या कार्यालयाने बँकेचे चिन्ह लावून फिरवली. खाली लिहिले होते, ‘सादरकर्ते : शाखा कर्मचारी’. मी कर्मचारी असल्यामुळे मला चार जणांनी अभिनंदनाचे फोन केले. मी ‘आभारी आहे’ म्हणालो.

चार महिन्यांनी त्याच मुलाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मुद्रा योजनेतले शिशु कर्ज. पन्नास हजारांपर्यंतचे, तारण न लागणारे. त्याला हवे होते अठ्ठेचाळीस हजार, माइक आणि जुना लॅपटॉप घ्यायला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिले होते ‘रॅपर’. व्यवसायाच्या नावात अक्षरांबरोबर दोन आकडे होते, आणि आमचा संगणक आकडा असलेले नाव घेईना. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातला ‘सौ’ शंभराच्या आकड्याने लिहितो आणि देशभर ऐकला जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मला फक्त रकाने ठाऊक होते. मी लाल शाईने शेरा मारला : ‘व्यवसायाचे स्वरूप अस्पष्ट. उत्पन्नाचा पुरावा नाही.’ आणि पाच वाजता डबा घेऊन घरी गेलो.

दोन दिवसांनी तो काउंटरवर आला. भांडायला आला नव्हता, तेच वाईट झाले. म्हणाला, “काका, उत्पन्नाचा पुरावा पाहिजे ना? मेळाव्यात मी गायलो होतो त्याचं तुमच्याकडे व्हाउचर असेल. त्याची झेरॉक्स जोडली तर चालेल का?”

व्हाउचर नव्हते. पैसेच दिले नव्हते तर व्हाउचर कुठले? त्याचे गाणे आम्ही फुकट घेतले, आणि त्याला कमाई नाही म्हणून कर्ज नाकारले. दोन्ही कागद एकाच शाखेतले, आणि दुसऱ्यावर सही माझी. बी. कॉम. झालेल्या माणसाला हे दिसायला त्या पोराने येऊन झेरॉक्स मागावी लागली. मामांनी त्या दिवशी चहा रोजच्यासारखाच आणून ठेवला. साखर कमी होती. मी काही बोललो नाही.

मग मी बसून एक व्हाउचर लिहिले. नावे : प्रसिद्धी खर्च. जमा : मामांच्या मुलाचे आधारवरचे पूर्ण नाव. तपशील : गीतलेखन व गायन. रक्कम : पाच हजार. त्याच्या अर्जाला नवी टीप जोडली, ‘पूर्वीचा शेरा चुकीचा होता, तो मी मागे घेत आहे.’ नोकरीत असे वाक्य मी प्रथमच लिहिले, आणि ‘मागे’ या शब्दाचे शुद्धलेखन दोनदा तपासले. साहेबांनी दोन्ही कागद वाचले.

“हे पाच हजार कोणत्या नियमाखाली?”

“ज्या नियमाखाली आपण गाणं घेतलं, त्याच, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, कागदांकडे पाहिले, आणि दोन्ही कागद पेपरवेटखाली ठेवले. “वर विचारून सांगतो,” म्हणाले. त्याला आता बरेच दिवस झाले. मी रोज सकाळी काही तरी निमित्त काढून साहेबांच्या केबिनमध्ये जातो. पेपरवेट जागच्या जागी असते.

तेव्हा मंडळी, रॅप आवडत नसेल तर खुशाल आवडून घेऊ नका. नावे ठेवायचा आपला जन्मसिद्ध हक्क मी काढून घेत नाही. फक्त त्या आधी अंगातला स्वेटर, पायातले बूट, कानावरची जाहिरात आणि आपल्या शाखेचा मेळावा एकदा तपासून बघा, आणि जे वापरलेत त्याच्यापुढे ज्याचे त्याचे नाव लिहा. माझ्या बाजूने सांगायचे तर माझा हिशेब अजून जुळलेला नाही. आणि हिशेब जुळल्याशिवाय घरी जायचे नाही, असा दंडक आहे. रोज जातो, ही गोष्ट वेगळी.